व्यसनमुक्ती : उपदेश की समुपदेशन?

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूचे दुकान किंवा बार उघडायला परवानगी नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून हा जिल्हा दारूबंदीखाली आहे. ज्या जिल्ह्यात गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार आहे, तिथे दारू विकली जाऊ नये ही त्यामागची भावना. शिवाय आम्ही ज्या समाजात वाढलो, त्या समाजात दारू हराम आहे आणि ती चौदाशे वर्षांपासून हराम आहे. म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या दाराला दोन कुलुपे आहेत. एक सरकारने लावलेले, दुसरे शरीअतने. दोन्ही कुलुपे जागेवर आहेत आणि तरीही चोर घरात आहे. हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत मात्र कोणी नाही.

आम्ही एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पालकसभा संपत आली असताना सातवीतल्या एका मुलाचे वडील आले. गवंडीकाम करणारा माणूस. हाताला सिमेंटचे चट्टे, डोळे लाल आणि तोंडाला वास. इतर पालक पाहत होते. आम्ही त्यांना शेजारच्या रिकाम्या वर्गात नेले आणि वीस-पंचवीस मिनिटे बोललो. दारू हराम आहे हे सांगितले. मुलाच्या भवितव्याचे सांगितले. बायकोच्या अश्रूंचे सांगितले. कयामतच्या दिवशी काय जबाब द्याल, हेही विचारले. ते मान खाली घालून "जी सर, जी सर" म्हणत राहिले. बाहेर आल्यावर सहकारी शिक्षकांनी आमची पाठ थोपटली. घरी जाताना आम्हालाही वाटले, आज हातून एक नेक काम झाले.

त्यानंतर ते गृहस्थ शाळेत कधी आले नाहीत. जुम्म्याच्या नमाजला शेवटच्या सफीत दिसायचे, तेही दिसेनासे झाले. पुढच्या वर्षी मुलाची शाळा सुटली आणि तो पंक्चरच्या दुकानात बसू लागला. त्याची आई दाखला न्यायला आली होती. ती एवढेच म्हणाली, "सर, आपने जो कहा, सही कहा. मगर उस दिन के बाद वो हमसे भी मुँह छुपाने लगे."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते, आम्ही काहीतरी उत्तर दिले असते. आम्ही त्या दिवशी जे बोललो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मग चुकले काय? खरे बोलणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? ज्याला आपण हात देऊ शकत नाही, त्याला नसीहत करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. आज तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी त्या दोन कुलुपांविषयी. कुलुपे काढून टाका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. विदर्भातल्या दारूबंदीमागे गावोगावच्या बायकांचे कष्ट आहेत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठवली गेली, तेव्हा कितीतरी बायांच्या पोटात गोळा आला. ज्या घरात संध्याकाळी मजुरीचे पैसे येतात आणि रात्रीपर्यंत उडून जातात, त्या घरातल्या बाईला बंदी म्हणजे काय हे विचारावे. पण बंदीचा संबंध बाटलीशी आहे. जो माणूस आधीच त्या बाटलीच्या ताब्यात गेला आहे, त्याचे पुढे काय करायचे, हे बंदीच्या कागदावर लिहिलेले नसते. त्याच्यासाठी मोहाची गावठी आहे, नदीपलीकडचा जिल्हा आहे. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो.

अशा माणसाची कोंडी पाहा. "मला दारू सुटत नाही" हे वाक्य त्याला कुठे बोलता येईल? बाहेर बोलला तर गुन्ह्याची कबुली होते. मस्जिदीत बोलला तर गुनाहची कबुली होते. घरात बोलला तर मुलीच्या लग्नाला बाधा येते. म्हणून तो बोलत नाही. आणि तो बोलत नाही म्हणून आपण म्हणतो, "अल्हम्दुलिल्लाह, आपल्या समाजात हा प्रश्न नाही."

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. पण आम्हाला हादरवणारा आकडा वेगळाच आहे. ज्यांना दारूवाचून राहवत नाही अशा ३८ जणांमागे एकालाच काही ना काही मदत मिळते आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. सदतीस लोक मदतीविना आणि एकाच्या हाताला हात! आमच्या एका वर्गात अंदाजे तेवढीच मुले बसतात. वर्गातल्या एकाच मुलाला पुस्तक मिळाले आणि बाकी सगळी रिकाम्या हाताने बसली, तर त्या शाळेला शाळा म्हणता येईल काय?

इथे वाचक विचारतील, मदत कसली? दारू पिणे हा गुनाह आहे. आजार म्हटले की माणूस जबाबदारीतून सुटला!

हा आक्षेप आम्हाला हलका वाटत नाही. आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. पण मधुमेह झालेल्या माणसाला आपण काय म्हणतो? आजार तुझ्या हातात नव्हता, पथ्य तुझ्या हातात आहे. आजार मानल्याने जबाबदारी जात नाही, उलट ती कुठून सुरू होते हे कळते. देशाच्या कायद्यानेही ही गोष्ट मानली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि मादक द्रव्यांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. वैद्यकशास्त्र तर साधी गोष्ट सांगते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, घाम सुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात, फिट येते. काही वेळा जीवही जातो. आमच्याकडे घरचे लोक प्रेमापोटी अशा माणसाला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की हे दवाखान्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचे काम आहे.

दीनकडे पाहिले तरी तिथे घाई दिसत नाही. दारूविषयीचे आदेश टप्प्याटप्प्याने आले. सूरह बकरामध्ये तिच्यात फायद्यापेक्षा हानी अधिक असल्याचे समजावले गेले. सूरह निसामध्ये नशेत असताना नमाजजवळ जाण्यास मनाई आली. शेवटी सूरह माइदामध्ये तिच्यापासून पूर्ण दूर राहण्याचा हुकूम आला. ज्या लोकांच्या घरात मटके भरलेले होते, त्यांना आधी विचार करायला लावले, मग दिवसातले काही तास सोडायला लावले आणि मग कायमचे सोडायला लावले. हुकूम आज आपल्यासाठी पूर्ण आहे, त्यात सवलत नाही. पण माणसाला हुकमापर्यंत कसे आणले गेले, हेही त्यातच शिकवले आहे.

सहीह बुखारीत एका माणसाची हकीकत आहे. तो दारूच्या कारणाने वारंवार प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांच्यासमोर आणला जाई आणि त्याला शिक्षा होई. एकदा हजर असलेल्यांपैकी कोणीतरी त्याला शाप दिला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या शाप देणाऱ्याला रोखले आणि सांगितले की या माणसाचे अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे. विचार करा, शिक्षा माफ झाली नाही. कृत्य चांगले ठरले नाही. पण माणूस जमातीबाहेर फेकला गेला नाही. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीही एक रिवायत तफसीरच्या ग्रंथांत आढळते. शामचा एक ओळखीचा माणूस बरेच दिवस दिसला नाही म्हणून त्यांनी चौकशी केली. तो पिऊ लागला आहे, असे कळले. त्यांनी त्याला पत्र पाठवले आणि त्यात अल्लाहच्या माफीची आठवण दिली. तो माणूस ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत रडला आणि परत फिरला.

हे आम्ही कितीदा वाचले, मुलांना शिकवले! पण शेवटच्या सफीतला तो गवंडी दिसेनासा झाला तेव्हा आमच्यापैकी कोणीही विचारले नाही, "फलाणे भाई कुठे आहेत?" आम्हीही नाही.

मग हे काम करायचे कोणी? मौलाना साहेबांनी? शिक्षकांनी? डॉक्टरांनी? सगळ्यांनी करावे हे खरे, पण नुसत्या चांगल्या इराद्याने हे काम होत नाही, हे आता आम्हाला कळले आहे. हे एक हुनर आहे आणि ते शिकावे लागते. ते शिकलेल्या माणसाला समुपदेशक म्हणतात.

महाराष्ट्रात हे काम कसे उभे राहिले, ते पाहण्यासारखे आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचे व्यसन पसरले. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली त्यांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. या केंद्रातून बरे झालेल्या कितीतरी लोकांनी तिथेच काम धरले आणि ते स्वतः समुपदेशक झाले. काल जो पलंगावर थरथरत होता, तो आज दुसऱ्याच्या पलंगाशेजारी बसतो. पुढे केंद्र सरकारने इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांना घडवण्याचे कामही मुक्तांगणकडे सोपवले.

ही कल्पना त्याआधी अमेरिकेत रुजली होती. १९३५ साली बिल नावाचा एक दारू सोडलेला माणूस कामानिमित्त परक्या गावी गेला. काम फसले, प्यायची इच्छा उसळून आली. तेव्हा त्याने बोलण्यासाठी दुसरा दारुडा शोधला. तो निघाला एक शल्यचिकित्सक, डॉ. बॉब. त्या दोघांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिच्या मीटिंगा आज आपल्याकडेही भरतात. लक्षात घ्या, बिल उपकार करायला गेला नव्हता. स्वतः वाचण्यासाठी गेला होता. देणारा आणि घेणारा यांच्यात वर-खाली काही उरले नव्हते.

मग कोणी म्हणेल, ज्याने भोगले त्यानेच हे काम करावे, आपण कशाला? हा या विषयातला खरा अवघड प्रश्न आहे. जो पडला नाही, त्याला पडलेल्याचे दुःख कसे कळणार? आणि कळत नसेल तर तो बोलणार कोणत्या तोंडाने?

आम्हाला असे वाटते की दोघांनाही आपापला धोका आहे. जो त्यातून बाहेर आला, त्याच्यापुढे पेशंट खोटे बोलू शकत नाही. सगळ्या सबबी त्याने स्वतः वापरलेल्या असतात. पण "मी जशी सोडली तशीच तू सोड" हा हट्ट त्याच्या मनात शिरू शकतो आणि दुसऱ्याची पडझड पाहता पाहता त्याचा स्वतःचा पायही घसरू शकतो. जो कधीच प्यायला नाही, त्याला दुसरा धोका आहे. तो उंचावर उभा असतो. आपण चांगले आहोत म्हणून प्यालो नाही, असे त्याला वाटत असते. पण कदाचित आपल्याला तो मित्र भेटला नसेल, तो कर्जाचा हप्ता आला नसेल, उन्हाळाभर स्लॅब टाकून दुखणारी ती पाठ आपली नसेल. प्रशिक्षण दोघांनाही हवे. एकाला आपल्या अनुभवाच्या बाहेर पाहण्यासाठी, दुसऱ्याला उंचावरून खाली उतरण्यासाठी.

हे शिकवता येते, याचा पुरावा गोव्यातून आला आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची पाहणी झाली. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, त्याच भागातली साधी माणसे होती. त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते. फार तर चार बैठका व्हायच्या. तीन महिन्यांनी पाहिले, तर मागच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यालेले लोक या गटात शेकडा ४२ निघाले. ज्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली, त्यांच्यात शेकडा १८. जे पीत राहिले त्यांचे प्रमाण मात्र कमी झाल्याचे दिसले नाही, हेही त्या संशोधकांनी लपवले नाही. चमत्कार नाही हा. पण चार वेळा शांतपणे बोलल्याने एवढे होते, तर आपण चाळीस वेळा ओरडून काय मिळवले?

आम्ही बी.एड. केले तेव्हा सूक्ष्म अध्यापन होते. पाच-सहा विद्यार्थी-शिक्षकांसमोर पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा. मग सगळे चुका सांगणार, मग तोच पाठ पुन्हा घ्यायचा. आम्हाला त्याचा फार राग यायचा. गोव्यातल्या त्या समुपदेशकांनाही असेच घडवले गेले. बैठकांचे ध्वनिमुद्रण व्हायचे आणि साथीदार ते ऐकून गुण द्यायचे. कुठे मध्येच तोडले, कुठे प्रश्न विचारायच्या ऐवजी भाषण दिले, कुठे माणूस गप्प झाला आणि आपल्याला ती शांतता सहन झाली नाही. आमच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण कोणी आम्हाला ऐकवले असते, तर त्यात त्या गवंड्याचा आवाज "जी सर" यापलीकडे सापडला नसता.

समुपदेशकाला शिकवतात तरी काय? आधी ऐकायला शिकवतात. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक पद्धत मांडली. आज जगभर ती वापरतात. तिचा मथितार्थ असा की दारू सोडण्याची कारणे आपण सांगितली तर तो न सोडण्याची कारणे सांगतो. म्हणून असे प्रश्न विचारावेत की सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून निघतील. आम्हा शिक्षकांना हे नवे वाटू नये. पाठ टाचणात 'पूर्वज्ञान' हा रकाना कशासाठी असतो? मुलाला जे येते तिथून सुरुवात करण्यासाठी. दारू पिणाऱ्यालाही बरेच काही येत असते. आमच्या मोहल्ल्यात असे लोक आहेत जे वर्षभर पितात आणि रमजानमध्ये महिनाभर शिवत नाहीत. चाँदरातला पुन्हा सुरू. आपण त्यांना ढोंगी म्हणून हिणवतो. शिकलेला समुपदेशक विचारेल, "भाई, तीस दिवस आपण कसे राहिलात? संध्याकाळी प्यायची वेळ व्हायची तेव्हा काय करायचात? सोबत कोण असायचे?" ते तीस दिवस त्या माणसाची कमाई आहे आणि पुढचे सगळे तिच्यावर उभे करायचे आहे. आणि तोच समुपदेशक हेही ओळखेल की फार जुना पिणारा असेल तर रमजानच्या पहिल्या दोन-चार दिवसांत त्याची थरथर आणि भास म्हणजे धोक्याची खूण आहे, त्याला लगेच दवाखान्यात न्यायला हवे. आपल्याला काय येत नाही आणि कुठे डॉक्टरांच्या हवाली करायचे, हे ओळखणे शिक्षणाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट अमानतीची. पेशंटने सांगितलेले तिसऱ्या कानी जाता कामा नये. कायद्याने तो त्याचा हक्क आहे आणि आपल्या दीनमध्ये दुसऱ्याच्या ऐबावर परदा टाकणे ही नेकी आहे. लहान गावात हे फार कठीण. चहाच्या टपरीवर "आज कोण आले होते?" असे सहज विचारले जाते. एकदा तोंडून नाव गेले की ते केंद्र त्या गावापुरते बंद पडले म्हणून समजा.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण भिंतींवर पाहतो. बिचाऱ्या बाया पैसे साठवून पुडी आणतात आणि चहात मिसळतात. पुडीत काय आहे, कोणाला माहीत! डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतले असता दारू प्यायली तर शरीरात भयंकर प्रतिक्रिया होते. डॉक्टर ते माणसाला सांगून, समजावून, तपासण्या करून देतात. ते चोरून दिले आणि माणूस वर दारू प्यायला, तर जीवाशी खेळ होतो. आणि समजा, जीव वाचला, दारूही सुटली, तरी ज्या दिवशी त्याला कळेल की घरच्यांनी आपल्याला फसवले, त्या दिवशी विश्वास संपला. ज्याची इच्छाशक्ती आजारी आहे, त्याची इच्छाच विचारात घ्यायची नाही, याला इलाज म्हणता येणार नाही.

आणि चौथी गोष्ट, हार पचवण्याची. सुटलेली दारू पुन्हा लागते. एकदा नाही, अनेकदा. न शिकलेला माणूस अशा वेळी "मी एवढे केले आणि याने पुन्हा तोंड काळे केले" म्हणून पाठ फिरवतो. शिकलेला माणूस विचारतो, "त्या दिवशी काय झाले होते?" मग कळते की लग्नात जुने दोस्त भेटले, किंवा मुकादमाने पगार दारूच्या अड्ड्यावर वाटला, किंवा काहीच झाले नाही, नुसती संध्याकाळ झाली.

या सगळ्यात घरच्या बाईला विसरून चालणार नाही. नवरा पितो यात तिचा कसूर नाही, हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. आपल्या समाजातली बाई परक्या पुरुषापुढे हे बोलणार नाही, म्हणून समुपदेशक स्त्रियाही घडवाव्या लागतील.

आमचा जिल्हा अशा कामाला नवखा नाही. एक काळ असा होता की कुष्ठरोगही पापाचे फळ मानला जाई आणि रोग्याला गावाबाहेर काढत. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर असलेले संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगी होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. शिव्याशाप देणारे पुष्कळ होते. जखम कशी धुवायची हे शिकून घेणारे मोजके होते. पाप की रोग हा वाद ज्यांना घालायचा होता ते घालत राहिले. जखमा या मोजक्यांनी धुतल्या. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात तर १९६९ पासून डॉक्टर घडत आहेत आणि तिथे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायला लावतात. पुस्तक उघडण्याआधी झाडू हातात घ्यायचा. समुपदेशकाच्या शिक्षणाची सुरुवातही अशीच व्हावी, असे आम्हाला वाटते.

आमची सूचना छोटी आहे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, जिथे जिथे आपली जमात आहे तिथून एक तरुण आणि एक तरुणी या प्रशिक्षणासाठी पाठवावी. त्यांचा खर्च जमातीने उचलावा आणि परतल्यावर त्यांना पगार द्यावा. फुकटच्या सेवेवर हे काम फार दिवस चालत नाही. जकातीचा पैसा यासाठी वापरता येईल का, ते उलेमांनी सांगावे. जलशांच्या मांडवांवर आणि लाउडस्पीकरवर खर्च होणाऱ्या चंद्याविषयी मात्र कोणाला विचारायची गरज नाही. इमाम साहेबांनाही दोन दिवस अशा शिबिरात बसवावे. घाबरलेला माणूस पहिल्यांदा त्यांच्याकडेच येतो. त्याला तक़रीर न ऐकवता दवाखान्याचा रस्ता दाखवता आला पाहिजे. ज्याला कोणालाच सांगायचे नाही, त्याच्यासाठी १४४४६ ही सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा आकडा मस्जिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली लिहिता येईल. "यामुळे समाजाची बदनामी होईल" असे म्हणणारे भेटतील. त्यांना आम्ही एवढेच विचारू, पंक्चरच्या दुकानात बसलेल्या मुलामुळे नेकनामी होते काय?

शेवटी आमचे स्वतःचे. मागच्या वर्षी आम्ही त्या गवंड्याच्या घरी गेलो. बराच उशीर झाला होता, हे कबूल. ते ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून उठू लागले, आम्ही शेजारी बसलो. "सर, अभी भी पीता हूँ," असे त्यांनी आधीच सांगून टाकले, जणू हजेरी घ्यायलाच आम्ही आलो होतो. आम्ही म्हटले, आज ते विचारायला आलो नाही, तब्येत कशी आहे? मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. आम्हाला बोलण्याची फार खुमखुमी आली होती, ती आम्ही मोठ्या कष्टाने आवरली. नंतर ते हळूहळू बोलू लागले. पाठीचे दुखणे, पहिला घोट कोणत्या साइटवर घेतला, मुलाने शाळा सोडली तो दिवस. तो दिवस त्यांना तारखेसह आठवत होता.

त्यानंतर ते एकदा आमच्याबरोबर रुग्णालयात आले. औषधे घेतली, दोन महिने बरे गेले. मग भाच्याच्या लग्नात पुन्हा प्याले. सध्या पीत आहेत. आम्ही दर इतवारी जातो. काय बोलावे हे पुष्कळदा सुचत नाही, कारण आम्ही ते शिकलेलो नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत असे एखादे शिबिर करण्याचा विचार आहे. तोवर निदान त्यांना शेवटच्या सफीत जागा राहावी, एवढे आम्ही पाहतो. गेल्या जुम्म्याला ते आले होते.